डुगडुगती खुर्ची

मी खुर्ची आहे, आणि मी बोलतेय याचं मलाच हसू येतंय. कारण जन्मभर मी फक्त ऐकलं. माझ्याशी बोलले शेकडो. माझ्यावर बसलं मात्र कितीतरी वर्षं कुणीच नाही.

ओकच्या लाकडाच्या आम्ही सहा बहिणी. पाचजणींचे चारही पाय सारखे. माझा मागचा डावा नखभर आखूड राहिला. चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत बहिणी भराभर गेल्या, मी उरले. मग मार्लिस लिंडाल नावाची, पिवळ्या वेणीची एक उंच बाई आली. मला हलवून बघितलं आणि म्हणाली, "हीच द्या. हिच्यावर कुणाला बसायचंच नाहीये."

मार्लिस नेब्रास्कात शाळेत शिकवायची. एका वसंतात शाळा सोडून ती कॅलिफोर्नियाला आली, समुद्राच्या कड्यावरच्या लाकडी घरात राहिली आणि मोठ्या माणसांना शिकवू लागली. काय शिकवत होती? तर माणूस आपल्या दहा भागांतला एकच वापरतो. उरलेले नऊ कपाटात बंद. ते कपाट उघडायचं. त्यावर तिने 'उरलेले नऊ' हे पुस्तक लिहिलं, आणि ते असं काही गाजलं की दर शनिवारी कड्यावर गाड्या लावायला जागा मिळेना.

वर्गात सगळे जमिनीवर गाद्या टाकून गोल बसत. मधोमध मी. ज्याची पाळी, त्याने डोळे मिटायचे, मनात सलणारं माणूस माझ्यावर बसलंय असं समजायचं आणि बोलायचं. बाई गं, मी काय काय झाले! बाप झाले, सासू झाले, सोडून गेलेला नवरा झाले. एका दंतवैद्याची तर मी सिगारेट झाले होते. तिचा निरोप घेताना तो असा रडला, की मलाच वाटलं, राहू दे रे बाबा, ओढ एखादी.

आणि गंमत म्हणजे, कुणी ओरडलं की फळ्या हादरत. फळ्या हादरल्या की माझा आखूड पाय टक्कन वाजे आणि मी मान डोलवल्यासारखी डुलत असे. झालं! सासू हो म्हणाली, बापाने माफ केलं, म्हणून सगळे एकमेकांच्या गळ्यात. मी कधी कुणाला नाही म्हटलंच नाही. मार्लिसच्या कीर्तीत थोडा वाटा त्या आखूड पायाचाही आहे, पण पुस्तकात कुठे त्याचं नाव नाही.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. शाळा सोडली त्या दिवशी मार्लिसचं आईशी, हिल्माबाईंशी, फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. "यापुढे मला फोन करू नकोस," असं म्हणून मार्लिसने फोन ठेवला. तेव्हापासून दोघींचा अबोला. नऊ वर्षं रोज सकाळी अंघोळ करून मार्लिस माझ्यासमोर मांडी घाली आणि मला आई समजून बोले. एक दिवस नेम चुकला नाही. त्यावरच पुस्तकाचं सातवं प्रकरण आहे: 'माझी आई रोज या खुर्चीत येऊन बसते.' जगाला आयांशी बोलायला शिकवणारी ही बाई आपल्या आईशी बोले ती लाकडातून. मला वाटे, देवा, एकदा तरी ती माउली खरंच येऊन बसू दे. हिचा नेम तरी फळू दे, नाहीतर माझा जन्म तरी.

ऑक्टोबरातला शनिवार होता. गॉर्डन नावाच्या विमा एजंटाची पाळी. त्याने डोळे घट्ट मिटले होते. तेवढ्यात दार उघडून निळ्या कोटातली एक म्हातारी आत आली, हातात कापडात बांधलेला डबा, आत सफरचंदं भरून भाजलेला गोड 'ॲपल पाय'. तिने बघितलं, चाळीस माणसं खाली आणि एकच खुर्ची रिकामी. गुडघे दुखत असावेत. सरळ आली आणि बसली.

गॉर्डन सोडून सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. मी तर हरखूनच गेले. अंगावर ओझं येणं म्हणजे काय सुख, ते जिच्यावर कधी कुणी बसलंच नाही अशा खुर्चीलाच विचारा.

गॉर्डनला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो ओरडला, "आई, तू मला सायकल का नाही दिलीस?"

"कारण तू पडला असतास," वरून उत्तर आलं.

गॉर्डन डोळे उघडून गादीसकट मागे कोलमडला. "नेमकं हेच म्हणायची ती," म्हणत तो हसत रडू लागला. शेजारची बाई लगबगीने पुढे सरकली आणि आता जरा माझी आई व्हा ना, म्हणाली.

"थांब गं," म्हातारी म्हणाली, "आधी माझ्या मुलीची होऊ दे." आणि पांढऱ्याफटक पडलेल्या मार्लिसकडे वळली. "पुस्तकात वाचलं, तू रोज माझ्याशी बोलतेस. म्हटलं, एवढं बोलतेय पोर, एकदा ऐकून तरी यावं."

मार्लिस सवयीने माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली. नऊ वर्षांचं सगळं मला पाठ होतं. हळूच सुचवावं असं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली काय? "आई, खुर्ची डुगडुगते. सांभाळून बस."

"ते बसताक्षणीच कळलं मला. कागद आण."

मार्लिसने हातातल्या भाषणाचं पान फाडून दिलं. हिल्माबाईंनी त्याची चौघडी करून माझ्या पायाखाली सारली. मी स्थिर झाले. आता माझी मान डोलेना. जे बोलायचं ते त्या दोघींनाच बोलावं लागणार होतं.

"तू परत फोन का नाही केलास?" मार्लिसने विचारलं.

"तूच म्हणालीस, करू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, तर तेही चुकलं."

मग मार्लिसने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्या दोघींचंही ओझं मी पेललं. डब्यातला ॲपल पाय सगळ्यांनी वाटून खाल्ला. दहातले नऊ भाग म्हणजे काय ते हिल्माबाईंना कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एका भागात मी सहा मुलं वाढवली. उरलेले नऊ काढले असते, तर गावाला जागा पुरली नसती." पुढच्या आवृत्तीत हे वाक्य आहे.

वर्गात आता लोखंडी घडीची खुर्ची असते. ती कुणाला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. दर ऑक्टोबरात हिल्माबाई येतात, माझ्यावर बसून सफरचंदं सोलतात आणि मुलीशी मनसोक्त भांडतात.

माझं एकच मागणं आहे. केर काढताना माझ्या पायाखालची ती चौघडी काढू नका. मान डोलवायची माझी हौस फिटली आहे.