मार्ग मोकळा

माझा नवरा शार्दूल टोकियोत भुयारी मेट्रोच्या नव्या गाडीचे ब्रेक तपासून आला, तो तिथल्या ड्रायव्हरांची खोड घेऊनच. ते लोक प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यांदा बोलतात, म्हणजे चूक होत नाही म्हणे. इथे इंग्लंडात, रीडिंग गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ऑफिसला निघताना याचं रोज सुरू: "गॅस बंद. खिडकी बंद. किल्ल्या घेतल्या. मार्ग मोकळा." डोकं उठतं माझं!

आज मी पुण्याला परत जायला सूटकेस भरून दारात ठेवली आणि रडत ओट्यापाशी उभी राहिले. त्याचं बोट माझ्या खांद्यावरून गॅसकडे गेलं. "बंद." मग खिडकी, मग किल्ल्या. दारातली सूटकेस त्याने पायाने बाजूला सारली.

"मार्ग मोकळा," म्हणाला आणि गेला.