कृणालला बोलवायचं नाही

बाबांच्या दहाव्याला माहुलच्या खाडीकाठी पिंड ठेवून दीड तास झाला, तरी कावळा शिवला नाही. कावळे होते. तिवरांवर पाच-सहा बसले होते, एक तर खाली उतरून पिंडाभोवती फिरूनही गेला. विधी माझ्या नंदकिशोर काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने केले होते, कारण बाबांचा मुलगा, माझा भाऊ कृणाल, फ्रान्समध्ये होता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. आई म्हणाली, होडी विकणार नाही. काका म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मग काका माझ्याकडे वळले.

"कल्पिता, आता तू बोल. कृणालला बोलावून घेते म्हण. त्याच्यासाठीच अडलंय."

"त्याच्यासाठी नाही अडलेलं, काका."

"तुला कावळ्याचं जास्त कळतं? पुस्तकात लिवलंय?"

"बाबांनी सांगितलंय."

खरंच सांगितलं होतं. गोवंडीच्या हॉस्पिटलात, जायच्या आदल्या दिवशी, नाकावरची नळी बाजूला सारून. "टोपी मिळेपर्यंत त्याला कायपण कळवू नको. बोलवायचं तर नायच."

टोपी म्हणजे फ्रान्सच्या परदेशी पलटणीची पांढरी टोपी, पहिलं प्रशिक्षण पार पडलं की मिळणारी. कुठल्याही देशाचा माणूस तिथे जाऊन दारात उभा राहू शकतो. घेतलं, तर पाच वर्षं. इथल्या सैन्यभरतीत दोनदा मागे पडल्यावर कृणालने तिचा ध्यास घेतला. मी विरोधात होते. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तेव्हा त्या पलटणीचा इतिहास शोधून मी बाबांना वाचून दाखवला: कुणाच्या देशात जाऊन तिने कुणावर गोळ्या झाडल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू वाचतेस ते खरं असंल," ते म्हणाले. "पण खाडीत आता माझ्यापुरतापण मासा नाय. त्याला कुठं बसवू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी जाळ्याच्या दोरीने रस्त्यावर वीस मीटर मोजले. निवडीत दोन रेघांमध्ये पळवतात. शिट्टी वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, आणि शिट्ट्या लवकर लवकर वाजू लागतात. मोबाइलवर त्या मिळतात, पण बाबांचा मोबाइलवर विश्वास नव्हता. ते थाळी वाजवायचे, तीही मनाला येईल तशी.

"बाबा, एवढं फास्ट नसतं यार!" कृणाल ओरडायचा.

"तिथं तुझा बाप नसंल थाळी वाजवायला. पळ!"

निवडीच्या तीन आठवड्यांत कृणालचा एकदाच फोन आला. दात तपासले, बंद खोलीत बसवून सगळं आयुष्य तीन-तीनदा विचारलं. उरलेला वेळ फरशा पुसायच्या, बटाटे सोलायचे. अधूनमधून रांगेत उभं करून नावं वाचायचे. नाव आलं की बॅग उचलायची. कारण सांगत नाहीत. कृणालची बॅग जागेवर राहिली. मात्र त्याला नवं नाव दिलं आणि कागदावर बापाचं नावही बदललं. हे ऐकून बाबा खोकला येईपर्यंत हसले. "कागदावर कुणाचापण होऊ दे. पळताना माझाच दिसंल."

खाडीकाठी काकांना नेमकं तेच आठवलं. "बापाचं नाव पुसलं त्यानं, आणि तू त्याची बाजू घेतेस?"

"मी बाबांची घेते."

"सगळी माणसं उपाशी उभी हायेत. एक शब्द बोल नि संपव!"

तोंडदेखलं बोलणं सोपं होतं. सगळे घरी जेवायला गेले असते, मीही. पण दिलेला शब्द पाळायचा हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच पिंडासमोर खोटं कसं बोलू? मी भटजींना म्हटलं, "दर्भाचा कावळा करा."

कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. शास्त्राला ते चालतं, गावाला रुचत नाही. मागून कुणी बाई बाबांचं नाव घेऊन म्हणाली, "वाट लागली रामचंद्राची." मी वळून पाहिलं नाही. भटजींनी काकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि दर्भाला गाठ मारली.

त्याच संध्याकाळी काकांनी आपल्या मुलाकडून, सिद्धेशकडून, पलटणीच्या पत्त्यावर बाबा गेल्याची इंग्रजीत मेल पाठवली. मला ते कळलं बाराव्याला, पंगत बसलेली असताना, कृणालचा फोन आला तेव्हा. प्रशिक्षणात मोबाइल काढून घेतात. तो तिथल्या ऑफिसातून बोलत होता.

"ताई, बाबा?"

"हो. आज बारावं."

मग तो म्हणाला, "तू का नाही कळवलंस गं?"

"त्यांनी नको म्हटलं होतं, आणि मला ते पटलं. रागवायचं तर माझ्यावर रागव."

"सार्जंट म्हणतो, सोडायचं तर आत्ता सांग, अडवणार नाही. उद्यापासून मार्च आहे. दोन दिवस, साठ किलोमीटर, पाठीवर सामान. तो झाला की टोपी. पाय सोलून निघालेत माझे. येऊ का?"

काका पानावरून उठून माझ्या शेजारी आले होते. "ये म्हण. आईची शपथ घाल. दे इकडे फोन."

मी दिला नाही.

"तुला तिथं राहायचंच नसेल तर ये," मी म्हटलं. "बाबा गेले म्हणून येऊ नकोस. आईसाठी नको, काकांसाठी तर नकोच. आईला मी बघते. मला ती पलटण आजही आवडत नाही, कृणाल. पण आम्ही ओढून आणलं असं आयुष्यभर म्हणशील, ते मला चालणार नाही."

"आई काय म्हणते?"

मी फोन आईच्या कानाला लावला. वाढायचं पातेलं तिच्या हातातच होतं.

"पाय कोरडे ठेव," आई म्हणाली. "ओल्या मोज्यात घालू नको. जेवलास?"

तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आईने दोनदा हुंकार दिला आणि मान वळवली. मी फोन परत कानाला लावला.

"उद्या चालतो, ताई," तो म्हणाला. मागे कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला.

"दगड हायेस तू," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "सख्खा भाऊ गेला माझा, नि त्याचा पोर तिकडं परक्याची टोपी घालणार. ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाय मी." ते चपला शोधायला दाराकडे निघाले.

"भावोजी," आई म्हणाली, "भरलं पान टाकून जाऊ नका. जेवा, मग रागवा."

ते दारातूनच मागे वळले. मग येऊन पानावर बसले. मी त्यांना भात वाढला, वर आमटी वाढली. माफी मागितली नाही.