शेतातला दारूखाना

दर गुरुवारी चेत्ता माल्टातलं आपलं गाव पाहुण्यांना दाखवायची. चर्चच्या दोन घड्याळांखाली थांबून सांगायची, "यातलं एक बरोबर आहे, दुसरं मुद्दाम चुकीचं. प्रार्थनेची वेळ सैतानाला कळू नये म्हणून." लोक हसत. मग दोन बँड-मंडळांचं पिढीजात हाडवैर, संताची मूर्ती खांद्यावर घ्यायचा मान, आणि शेवटी जत्रेतली शोभेची दारू. "ही आमचीच माणसं हातानं बनवतात," एवढं बोलून ती सगळ्यांना चहाकडे वळवायची. त्यात माणसं मरतात, हे तिच्या बँड-मंडळानं दिलेल्या माहितीपत्रकात नव्हतं.

तिचा नवरा नेनू चार वर्षांपूर्वी शेतातल्या दारूखान्यात, शोभेची दारू बनवायच्या खोलीत, स्फोट होऊन गेला. तिघे होते. शवपेटी उचलणाऱ्यांना ती फार हलकी लागली. चेत्तानं त्यांचे चेहरे पाहिले होते.

एका रविवारी तिचा मुलगा अंतोन जेवायला आला. पस्तिशीचा गडी, लग्न झालेला. सशाचा रस्सा वाढताना तिची नजर त्याच्या नखांवर गेली. कडांना शोभेच्या दारूतली चंदेरी पूड होती. कितीही साबण लावा, ती निघत नाही. नेनूची तसली नखं तिनं तीस वर्षं पाहिली होती.

"कधीपासून जातोयस?"

"कुठे?"

"मला खुळी समजू नकोस."

अंतोननं पाव मोडला. "तीन महिने झाले. यंदाचा सगळ्यात मोठा गोळा बाबांच्या नावानं उडवायचाय. विस्तिनकाकांनीच विचारलं."

विस्तिन मंडळाचा अध्यक्ष, नेनूचा जिवाभावाचा दोस्त. चेत्ता तडक त्याच्याकडे गेली.

"वहिनी, माणसं कमी आहेत," तो म्हणाला. "दारू कमी पडली तर पलीकडच्या मंडळाचे लोक वर्षभर आम्हाला मेणबत्तीवाले म्हणतील."

"मग तुझ्या मुलाला बसव."

"त्याला दमा आहे."

"नशीब काढलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी ती दारूखान्यावर गेली. बायकांनी तिथं पाऊल ठेवायची पद्धत नव्हती. अंतोन आत होता, दार लावलेलं. मागच्या कॅरोबच्या झाडाखाली ताडपत्री टाकून दारूची पोती रचली होती, परवान्याच्या दुप्पट तरी असतील. झाडाची सावली सरकून ऊन थेट ताडपत्रीवर पडत होतं. नेनूच्या वेळीही असंच झालं होतं, हे तिला ठाऊक होतं. दार न ठोठावता ती परतली, बस पकडून पोलीस ठाण्यात गेली, आणि तक्रारीखाली स्वतःचं नाव लिहिलं.

जत्रेच्या आठ दिवस आधी दारूखान्याला सील लागलं. संताची मिरवणूक निघाली, बँड वाजला, पण आकाश रिकामंच राहिलं. पलीकडच्या मंडळानं मात्र हौसेनं बार उडवले.

मंडळानं गुरुवारचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ते तिनं धरलंच होतं. पण नेनूबरोबर गेलेल्या एकाची बायको, झेझा, बाजारात तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझा नवरा संतासाठी गेला, असं मी पोरींना सांगत आले," ती हळू आवाजात म्हणाली. "आता लोक म्हणणार, बेकायदा साठ्यानं मेला. तू त्याला गुन्हेगार करून ठेवलंस."

अंतोन एकदाच आला, उंबरठ्यावरच थांबला.

"बाबांचा दारूखाना तू बंद पाडलास."

"तू जिवंत आहेस."

"हे मी कोणत्या तोंडानं सांगू लोकांना?"

महिन्याभरात तो बायकोच्या माहेरी, बेटाच्या उत्तरेला राहायला गेला. आईचा फोन घेईना.

वसंतात सुनेचा, डोरिसचा, फोन आला. "आई, इथल्याही दारूखान्यात जायला लागला. माझं ऐकत नाही. तुम्ही केलंत तसं मी करू का?"

"कर," चेत्ता म्हणाली. "पण नंतर तो तुझ्याशीही बोलायचा नाही, हे धरून चाल."

पलीकडून रडू ऐकू आलं. मग गॅसवर काहीतरी करपतंय म्हणून डोरिसनं फोन ठेवला.

तिनं तक्रार केली नाही. चेत्तानंही पुन्हा विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडून धडाका ऐकू आला, की ती डोरिसला फोन लावायची. "आहे," डोरिस म्हणायची. "आत्ताच जेवायला बसलाय." तेवढं ऐकून चेत्ता फोन ठेवायची.