चार बोटं सवड

बंडूजींनी जॅकेटला हात लावला नाही. कापड मोजायच्या लोखंडी गजावर त्यांनी ते अडकवलं, मेलेला साप बाहेर न्यावा तसं अंगापासून लांब धरलं, आतल्या खोलीतून दुकानात आणलं आणि काउंटरवर टाकलं. त्याच्या चेनीने काच वाजली. काचेखाली मांडलेले शाळेचे टाय आणि बेल्ट झाकून गेले.

"कवा येते तुहा भाऊ?"

"येऊनच राह्यला. आर्वीची गाडी आली असंन," अंजू म्हणाली.

"आला का हे त्याच्या हाती देजो. आन् तुही बॅग भरली?"

"भरली."

"मंग झालं."

सुनेला घराबाहेर काढायचं म्हणजे चार शेजारी जमतील एवढा आवाज व्हायला हवा. पण बंडूजी सेलूच्या बाजारातले जुने दुकानदार. आवाज चढवला की गिऱ्हाईक तुटतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यामुळे जानेवारीपासूनचा राग त्यांनी थोडा थोडा करून बाहेर काढला होता. अंजूने वाढलेलं ताट बाजूला सारून ते स्वतः उठून पातेल्यातून वाढून घेत. तिच्याशी बोलायचं असलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलत. घरात सासू नव्हती, ती लग्नाआधीच गेलेली. त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं. नवरा होता, योगेंद्र, तो आतल्या दिवाणावर बसून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत असे. आताही तो तेच करत होता.

काउंटरवर पडलेलं ते जॅकेट गेल्या वर्षीच्या दिवाळसणाचा आहेर होतं. अंजूच्या भावाचं, धर्मेंद्रचं आर्वीत मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. औषध कंपनीच्या कामासाठी जावई रोज सेलू-नागपूर गाडी हाणतो, तर त्याला सूटापेक्षा हेच कामाचं, असा त्याने विचार केला आणि योगेंद्रला घेऊन नागपुरात फिरला. शर्यतीवाले घालतात तसं, काळं, जाड कातड्याचं, कोपरांवर आणि खांद्यांवर आतून टणक गाद्या असलेलं जॅकेट. दुकानदाराने योगेंद्रला चक्क गाडीवर बसवलं, हँडलवर वाकायला लावलं आणि मग माप ठरवलं. अंगाला कातडीसारखं चिकटलं पाहिजे, असं तो म्हणाला होता. पथ्यंही त्यानेच सांगितली: पाण्यात बुडवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही, घडी घालायची नाही.

घरी आल्यावर योगेंद्रने ते बापाला उभ्याने घालून दाखवलं. इथेच घोटाळा झाला. शर्यतीचं जॅकेट माणूस वाकला की नीट बसतं; उभ्या माणसाला ते कमरेवर तोकडं होतं आणि बाह्या पुढे वळलेल्या दिसतात. बंडूजींनी सेलूतल्या दोन पिढ्यांना शाळेचे गणवेश विकले होते. लेकराच्या कुशीजवळचं कापड चिमटीत धरून ते आयांना दाखवत, "हे पाहा, चार बोटं सवड ठेवली. दोन वर्षं पाहावं नाई लागत." या चार बोटांवर त्यांचं दुकान उभं होतं. योगेंद्रच्या लग्नाचा सूटसुद्धा त्यांनी चार बोटं ढिला शिवून घेतला होता. अठ्ठाविसाव्या वर्षी पोरगा अजून वाढेल अशी त्यांना आशा असावी. तर त्यांनी जॅकेट कुशीजवळ चिमटीत धरायला पाहिलं आणि चिमटीत काही आलंच नाही.

"हे त लेकराचं हाय," ते म्हणाले होते. "याच्या आत स्वेटर कसा बसंन?"

पुढच्या खेपेला नागपूरला माल आणायला गेले, तेव्हा जॅकेट आपल्याच पिशवीतून नेलं आणि दोन मापं मोठं बदलून आणलं. योगेंद्र तेच घालू लागला. बापाने आणलेल्या कपड्याबद्दल बोलायची त्याला सवयच नव्हती.

जानेवारीत केळझरच्या अलीकडे रानडुक्कर आडवं आलं. गाडी घसरली आणि योगेंद्र उजव्या कोपरावर घासत गेला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स कात्री घेऊन आली होती, पण बाही इतकी ढिली की कापावीही लागली नाही, अलगद निघून आली. कोपराचे तुकडे झाले होते. दोनदा ऑपरेशन झालं, पट्ट्या-स्क्रू बसले आणि हात काटकोनातच राहिला. घास तोंडाशी जात नव्हता. तो डाव्या हाताने जेवायला शिकला.

दुसऱ्या ऑपरेशननंतर त्याने डाव्या हाताने अंजूचं मनगट धरलं होतं.

"घसरतानाच समजलं मले," तो म्हणाला. "बाही फिरली. गादी खाली गेली आन् कोपर उघडं पडलं. पन बाबाले नको सांगू. त्यायनंच बदलून आनलं होतं. त्यायच्या ध्यानात आलं त मरून जातीन ते."

अंजूने कबूल केलं. तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं.

पण बंडूजींना दोष द्यायला कोणीतरी हवंच होतं. आधी दोष जॅकेटचा झाला: ते अंगात घातलं आणि पोराला वारं लागलं, नाही तर तो चाळीसच्या वर कधी गेला नव्हता. मग जॅकेट देणाऱ्याचा झाला, आणि धर्मेंद्रला घर बंद झालं. शेवटी दोष सुनेपर्यंत आला. "तुह्या माहेरानं माह्या पोराचा हात खाल्ला," असं ते कॅलेंडरला म्हणाले. आतल्या दिवाणावर चेंडू दाबला जात होता. अंजूने तिकडे बघितलं. योगेंद्रने मान वर केली नाही. सासऱ्याचा राग तिला समजत होता. नवऱ्याची ती खाली घातलेली मान तिला सहन होत नव्हती.

जॅकेट मात्र तिने सोडलं नाही. रक्त ओल्या फडक्याने पुसून काढलं, सोबत आलेल्या डबीतलं मेण बोटाने पातळ चोळलं, रुंद हँगरला लावून पंख्याखाली टांगलं. मे महिन्यात बंडूजींनी ते मुद्दाम टिनाच्या तापलेल्या छपरावर नेऊन टाकलं. संध्याकाळी तिने खाली आणलं तेव्हा ते पापडासारखं कडक झालं होतं आणि खांद्यावर भेगा पडल्या होत्या. पुन्हा मेण चोळत बसली. सून बापलेकांचं सोडून कातडं कुरवाळते, असं बंडूजी दुकानात येणाऱ्यांना सांगत. तिला त्या कातड्याची माया नव्हती. घरात तिच्या बाजूने साक्ष देणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि ती धड राहायला हवी होती.

धर्मेंद्र आला. पायरीखालीच उभा राहिला. दुकानाच्या दाराला गणवेशाचे शर्ट लटकलेले, त्यांच्यामधून त्याचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

"नमस्कार मामाजी."

बंडूजींनी गजाने जॅकेट त्याच्याकडे सरकवलं. "हे तुहं. आन् बहीनबी घेऊन जाय. पोराचा हात बरा झाला का पाहू."

धर्मेंद्रने जॅकेट उचललं. कॉलर उलटी झाली आणि आतली मापाची चिठ्ठी त्याच्या नजरेस पडली. त्याच्या कपाळावर आठी आली. "हे त म्या..."

"दादा, पानी पे आधी," अंजूने गडू पुढे केला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि गडू घेतला.

तिने जॅकेट त्याच्या हातातून घेतलं आणि पुन्हा काउंटरवर ठेवलं.

"मामंजी, दुकानातला माल बदलून देताना तुमी गिऱ्हाइकासमोर अंगावर चढवून पाह्यता. मंग उसवलं का फाटलं, ते दोघायच्या डोळ्यासमोर होते. हे बी तसंच द्या. उद्या दादा म्हनन, सासऱ्यानं अजून फाडून देलं."

"माह्यावर शंका घेतं?"

"शंका नको राह्यले म्हनूनच म्हनते."

बंडूजींचं नाक फुललं. धंद्यातल्या सचोटीवर बोट ठेवलेलं त्यांना कधीच खपलं नव्हतं. "घालतो. भेव हाय का कोनाचं?" असं म्हणत त्यांनी शर्टावरूनच जॅकेट चढवलं. बापलेकांची अंगकाठी एकच, खांदे तेच, हातांची लांबी तीच. चेन वर ओढून ते धर्मेंद्रसमोर उभे राहिले. "पाह्य. पाह्यलं? हा तुह्यावाला माल. एक बाही अशी फाटली का..."

फाटलेली बाही दाखवायला त्यांनी उजवा हात वाकवला आणि कोपर काचेवर टेकवलं.

काच थंड लागली असावी, कारण त्यांनी खाली बघितलं. कातड्याला पडलेल्या भोकातून त्यांच्या शर्टाचं कोपर बरोबर बाहेर आलं होतं. अंगठ्याएवढी जाड गादी बाहीच्या खालच्या अंगाला लोंबत होती. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. कारखान्यातून निघाली तशी कोरी होती.

त्यांनी डाव्या हाताने बाहीचं कातडं चिमटीत धरलं. ते त्यांनी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप गेला, जसा गेली तीस वर्षं जात होता. चिमटीत चार बोटं कातडं आलं. त्यांनी ते सोडलं, गादी ओढून कोपरावर आणली, हात हलवला. गादी पुन्हा खाली फिरली. पुन्हा आणली. पुन्हा फिरली.

धर्मेंद्रने गडू काउंटरवर ठेवला आणि पुढे वाकून बघू लागला.

"बंडूजी, हाय का जी?" पायरीवर वच्छलाबाई आल्या. गावातल्याच, मागच्या आळीच्या. सोबत नात आचल. शाळा चार दिवसांवर आली होती. "हिचा फ्राक द्या. दरसालसारखा, वाढत्या अंगाचा. आन् हे काय घातलं तुमी या गरमीत?"

जॅकेट काढायचं बंडूजींच्या लक्षात आलं नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. त्यांनी मांडणीवरून एक निळा फ्रॉक काढला, पोरीच्या खांद्यांना लावला, ठेवून दिला. दुसरा काढला, लावला.

"हा घ्या."

वच्छलाबाईंनी कुशीजवळचं कापड स्वतःच चिमटीत धरलं. इतक्या वर्षांत त्यांनाही ते जमत होतं. "याच्यात त सवडच नाई."

"आज होते तेवढाच घ्या."

"आन् दिवाळीत आखूड झाला म्हंजे?"

"झाला त झाला," बंडूजी म्हणाले. "लेकराच्या अंगाले बसला पाह्यजे, बाई."

वच्छलाबाई चकित होऊन फ्रॉक घेऊन गेल्या. आतला चेंडूचा आवाज केव्हाचाच थांबला होता. योगेंद्र मधल्या दारात उभा होता. बापाच्या अंगावर ते जॅकेट, बापाचा कोपराशी खिळलेला हात, हे सगळं त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू सांगतलं?" त्याने अंजूला विचारलं.

"मी एक शब्द नाई बोलली. त्यायनं घालून पाह्यलं."

बंडूजींनी लेकाकडे बघितलं. मग पहिल्यांदाच कॅलेंडर सोडून सुनेकडे बघितलं. "तुले मालूम होतं," ते म्हणाले. "दवाखान्यापासून?"

तिने मान डोलावली. माफी मागायला त्यांचं तोंड उघडलं असेल, पण त्या तोंडाला ती सवय नव्हती. ते काउंटरमागून बाहेर आले आणि दाराशी ठेवलेली तिची बॅग उचलायला वाकले. वाकल्यावर जॅकेट पाठीवर फुगलं.

"आत ठेवतो. धर्मेंद्रबी जेवून जाईन."

अंजूने बॅग त्यांच्या आधी उचलली.

"दादा, पाचची गाडी भेटते काय?"

"भेटते," धर्मेंद्र चाचरत म्हणाला.

योगेंद्र एक पाऊल पुढे आला. "अंजू, आता काऊन जातं? आता त झालं ना सारं."

"तुमच्यासाठी झालं," ती त्याला म्हणाली. सहा महिने गिळलेलं सगळं त्या दोन शब्दांत आलं आणि त्याने पुन्हा मान खाली घातली.

ती पायरी उतरली. बंडूजी उंबऱ्याशी आले. "कवा येशीन?" त्यांनी विचारलं. आवाजात हुकूम नव्हता.

"तुमी बोलवाल तवा नाई. मले वाटीन तवा." ती थोडं थांबली. "ते काढलं का घडी नका घालू मामंजी. उन्हातबी नका टाकू. सावलीत टांगजा."

बहीण-भाऊ स्टँडच्या रस्त्याने वळले. बंडूजी दुकानात परतले आणि जॅकेट अंगात तसंच ठेवून मांडणीमागे रुंद हँगर शोधू लागले.