चारशे बारा मतांची काउंटी

१९८४ च्या नोव्हेंबरात सगळी अमेरिका एकीकडे कलली आणि टॅमरॅक काउंटी, म्हणजे तिथला एक छोटा जिल्हा, दुसरीकडे. एकोणपन्नास राज्यांनी राष्ट्राध्यक्षांना पुन्हा डोक्यावर घेतलं. वॉशिंग्टन राज्याच्या कोपऱ्यातल्या या काउंटीनं मात्र, जिनं चार वर्षांपूर्वी त्यांना एकोणीसशेची आघाडी दिली होती, या वेळी त्यांना चारशे बारा मतांनी पाडलं. काउंटीच्या मंडळाचे अध्यक्ष डॉर्सी हे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे. त्यांनी आकडा ऐकताक्षणी ठरवून टाकलं, की चूक मशीनची आहे. आणि मशीन म्हणजे कमला मेश्राम.

कमला नागपूरची, गणितात एम.एस्सी. झालेली. सहा वर्षं ती काउंटीच्या कॉम्प्युटर रूममध्ये होती. इथं मतपत्रिका म्हणजे भोकं पाडलेली कार्डं, आणि ती मोजणारा प्रोग्रॅम तिचा. मतदानाच्या आधी आणि नंतर, बेरीज आधीच ठाऊक असलेला कार्डांचा एक गठ्ठा ती मशीनमध्ये घालायची आणि उत्तर ताडून बघायची. दोन्ही वेळा उत्तर बरोबर आलं होतं. डॉर्सींना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी एक टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला. ‘मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ खाली तिचं नाव आणि सहीसाठी रिकामी ओळ.

“सही केलीत की निकाल रोखता येईल,” डॉर्सी म्हणाले. “नाही केलीत, तर जानेवारीत ही पोस्ट मंडळाला परवडणार नाही.”

“दोष नाहीये.”

“सगळा देश एकीकडे जातो आणि आपलीच काउंटी उलटी जाते? खरं सांगा, तुम्ही स्वतः कुणाला मत दिलंत?”

“ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही,” कमला म्हणाली. गंमत अशी, की सिटिझन झाल्यावरचं आपलं पहिलंवहिलं मत तिनं डॉर्सींच्याच उमेदवाराला दिलं होतं. पण हे त्यांना सांगून सुटका करून घेणं तिला जन्मात जमलं नसतं.

काउंटी उलटी का गेली हे कळायला गणित लागत नव्हतं. लाकूड कापायच्या दोन गिरण्या आणि कागदाची मिल दीड वर्षात बंद पडली होती. कागदाच्या मिलमध्ये तिचा नवरा सुभाष केमिस्ट होता. एप्रिलपासून तो घरीच होता.

“कमल, एक सही तर आहे,” संध्याकाळी तो म्हणाला. “तुझा जॉब गेला तर दवाखान्याचा इन्शुरन्सपण गेला. बेलव्ह्यूचा माझा मित्र चारुदत्तसुद्धा फोनवर हेच म्हणत होता. बॉसशी कशाला पंगा घ्यायचा?”

“चारुदत्तला मॅट्रिकचा पेपर दोनदा लिहायला लावला होता का कुणी?”

 सुभाषला ती गोष्ट माहीत होती. मॅट्रिकला कमलाला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, या वस्तीतल्या मुलीला एवढे कसे? तीन मास्तरांसमोर बसवून त्यांनी तिच्याकडून सगळी गणितं पुन्हा सोडवून घेतली. तिचे वडील शंकरराव बाहेर उन्हात उभे होते. पुन्हा अठ्ठ्याण्णवच आले. चुकलं आमचं, असं एकजणही म्हणाला नाही.

“चाळीसच पडले असते ना, तर कुणी तपासलेही नसते,” कमला म्हणाली. “लोकांना हवा तो आकडा आला की तो बरोबर. नको तो आला की चोर. तेव्हा बाबांनी हात जोडले म्हणून मी बसले. आता नाही बसणार. सात हजार लोकांना मी माझ्या सहीनं खोटं पाडू? अहो, त्यात तुमच्या मिलचे निम्मे लोक आहेत.”

 “सोमवारी मंडळाच्या बैठकीला मीपण येतो,” सुभाष म्हणाला.

सोमवारी मंडळाची उघडी बैठक होती. मशीन चुकलंय ही बातमी गावभर झालेली, त्यामुळे मिलची माणसं भिंतीला चिकटून उभी होती. कमला उठली. 

“मी सही करणार नाही. कार्डं हातानं मोजा. दोन्ही पक्षांची माणसं बसवा आणि दार उघडं ठेवा.”

“चौदा हजार कार्डं?” डॉर्सी हसले.

“माणसंही तेवढीच आहेत. आणि मिस्टर डॉर्सी, चार वर्षांपूर्वी तुमचे एकोणीसशे याच प्रोग्रॅमनं मोजले होते. तेव्हा माझी सही मागायला कुणी आलं नव्हतं. तो खोटा असेल तर तेही खोटे. या वर्षीची की तेव्हाची, कुठली कार्डं मोजायची ते ठरवा.”

भिंतीकडून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळी खोलीच दणाणली. डॉर्सींना ‘मोजा’ म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

मोजणी दोन दिवस चालली. कमलाला कार्डांना हात लावायची परवानगी नव्हती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली, शेजारी सुभाष. बुधवारी दुपारी आकडा आला. चारशे तेरा.

“बघा!” डॉर्सी उभेच राहिले. “मशीन चुकलं!”

एका कार्डावर भोकाचा कपटा अर्धवट लटकलेला होता आणि मशीननं ते मत, तेही राष्ट्राध्यक्षांच्या विरोधातलं, सोडून दिलं होतं. मिलवाले असे हसत सुटले की मोजणारेही खाली मान घालून हसू लागले.

कमला हसली नाही. तिनं कोरा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं: माझ्या प्रोग्रॅमनं एक मत गाळलं. खरा फरक चारशे तेरा. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद डॉर्सींच्या हातात दिला.

“सही हवी होती ना? घ्या.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. “जानेवारीचं लक्षात आहे ना?” ते हळूच म्हणाले.

“आहे,” कमला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “जानेवारीत मी इथं नसेन. आकडा असेल.”