ओबिएरोनं आवळलेले बोल्ट

ओबिएरो जाऊन वर्षं झाली, तरी घर त्याचंच. अंगणात त्याची कबर, भिंतीशी त्याची खुर्ची आणि आत त्याची बायको पेनिना. आम्हा लुओ लोकांत नवरा मेला म्हणून बाईचं लग्न संपत नाही. कुळातला एखादा भाऊ तिच्या घरी राहायला येतो, छप्पर दुरुस्त करतो, शेत बघतो, पण बाई मेलेल्याचीच बायको म्हणवते. तो भाऊ म्हणजे मी, मगाक, ओबिएरोचा चुलतभाऊ. मी त्याच्या घरात मक्याच्या पिठाची उगाली खातो, त्याच्या खाटेवर झोपतो, आणि गाव मला अजून विचारतं, "किती दिवस मुक्काम?"

हेही सोसलं असतं. पण त्याचे बोल्ट!

कबरीपलीकडे त्याचा तव्यांचा नांगर तो गेल्यापासून तसाच उभा होता. यंदा उसाला कंटाळून पेनिनानं मका करायचं ठरवलं. भाड्याचा ट्रॅक्टर गुरुवारी येणार होता. त्याआधी नांगराचे झिजलेले तवे काढून नवे बसवायला हवे होते. नवे तिनं मुहोरोनीहून आणूनही ठेवले होते. ट्रॅक्टरवाला थांबणाऱ्यातला नव्हता. नांगर तयार नसला की तो सरळ पुढच्या शिवारात जाणार आणि आमचं रान पडीक राहणार.

"मिस्त्री बोलवू का?" पेनिनानं विचारलं.

"मिस्त्री कशाला? मी काय मेलोय?" मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

बोल्ट गंजून नटाशी एकजीव झाले होते. मी डिझेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं. शेगडीतले निखारे ठेवून तापवले. बारीक बोल्ट शेवटी छिन्नीनं तोडले, कारण तसले बाजारात मिळतात. मधल्या तव्याचा जाडजूड बोल्ट मात्र तोडून चालणार नव्हता. तसला आता कुठंच मिळत नाही. पान्याला लांब पाइप लावून मी त्याला लोंबकळलो, तरी तो हलेना.

ओबिएरोचा थोरला भाऊ ओलाल रोज काठी टेकत यायचा आणि माझ्या डोक्यावर उभा राहायचा.

"निघतोय का रे?"

"निघेल."

"कसला निघतोय! ओबिएरोचा हात आहे तो. शेवटच्या हंगामात एवढा आजारी होता, तरी गड्यानं एकट्यानं सगळा नांगर आवळला. काय गं पेनिना, खरं की नाही?"

"हो," पेनिना म्हणाली आणि घाईनं आत गेली.

आत कशाला गेली ते मी माझ्यापुरतं ठरवलं. रडायला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यासाठी या बाईच्या डोळ्यात कधी पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुपारी ती चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अकेलोचे बाबा आधी जरासा आणखी आवळायचे, मगच सोडवायचे. गंज तुटतो त्यानं."

अकेलो ही त्यांची मुलगी. तो सदान्‌कदा 'अकेलोचे बाबा', आणि मी नुसता मगाक.

"मग त्यांनाच विचारून ये ना," मी म्हणालो. "कबर काही लांब नाही."

तिनं चहाचा कप उचलला आणि परत घेऊन गेली.

बुधवारी नटाचे कोपरे झिजायला लागले. पाना सटकला, माझी बोटं सोलपटली. मी घण उचलला. तेवढ्यात पेनिनानं मागून दांडा धरला.

"तो तुटला तर नांगर भंगारात जाईल, मगाक!"

"जाऊ दे! त्याचाच आहे ना? जाऊ दे त्याच्याबरोबर! आल्यापासून मी या माणसाच्या हाताशी झोंबतोय. दाराला त्याची कडी, छपराला त्याचा खिळा. जिथं हात घालावा तिथं त्याचा हात आधीच!"

"त्यांचा हात नाही तो."

"मग कुणाचा?"

"माझा."

मी घण खाली ठेवला.

"शेवटच्या हंगामात त्यांना कप धरवत नव्हता," ती म्हणाली. "उजाडायच्या आत मी आवळायची. ते पलीकडून नुसता पाना धरून बसायचे. ओलालदादांची काठी ऐकू आली की मी पाइप त्यांच्या हातात द्यायची."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. आणि तू त्यांच्याशी भांडत होतास. माझ्याशी बोलत होतास कुठं?" तिनं अंगावर गुंडाळलेलं लेसोचं कापड कमरेला खोचलं. "जा पलीकडे. पाना धर."

मी पलीकडे बसलो. जिथं तो बसायचा, तिथंच. तिनं हातोडीनं रिंग पाना नटावर ठोकून घट्ट बसवला, पाइप चढवला आणि आधी आवळला. लोखंड कण्हलं. खरं सांगतो, तो निघू नये असं मला वाटत होतं. मग तिनं पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार उलट्या बाजूला टाकला. कर्र झालं. लाल भुगा माझ्या गुडघ्यावर सांडला आणि नट फिरला.

वाटलं होतं, आता तरी माझी जळजळ थांबेल. उलट वाढलीच. ताकदीचा हेवा एक वेळ परवडतो. पण एखाद्याची लाज राखायला बाई इतकी वर्षं तोंड मिटून बसते, याचं मी काय करू? माझ्यासाठी ती असं करेल का? विचारायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. पेनिनानं पाइप माझ्या हातात कोंबला.

"अरेच्चा, निघाला?" ओलाल वाकून बघत म्हणाला. "कुणी काढला?"

"माझ्या नवऱ्यानं," पेनिना म्हणाली.

ओलालनं आधी कबरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"यानं? एकट्यानं?"

"एकट्यानं. दुसरं कोण आहे इथं?" काळे झालेले हात तिनं लेसोत गुंडाळून घेतले होते.

"शाबास रे पठ्ठ्या!" ओलालनं माझी पाठ थोपटली. आजवर त्यानं मला हात लावला नव्हता.

ती तेव्हाही हेच म्हणाली असणार, याच आवाजात. मी पाइप धरून गप्प उभा राहिलो. ओबिएरोही असाच गप्प राहिला असेल.