माह्या दारावरचे लाल अक्षरं

आयका मित्रांनो, गळ्याशपथ सांगतो, याच्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाये. खोटं निघालं तर मले तलावात बुडवा.

मी एक जुना मायक्रोवेव्ह आहो. तुमसरच्या एका कॉलेजात, रसायनाच्या खोलीत राह्यलो. माहे भाऊबंद लोकाइच्या घरी दूध तापवत. माह्या पोटात मात्र सुलोचनाबाई मॅडम काचेचा चंबू ठेवत. त्याच्यात कार्बन न् नायट्रोजनचे अणू गोल फेर धरत, जशा पोरी भुलाबाईले धरतात. त्या कड्याइची पुढं औषधं बनत. आगीवर ज्याले दिवस जाय, ते मी चहा उकळेपर्यंत करून देऊ. नागपूरचे साहेब पाहून गेले तवा छाती एवढी फुगली का दार लागेना.

पन चंबूची वाफ वाईट. माह्या भिंतीत मुरे. म्हनून मॅडमनं दारावर लाल रंगानं लिवलं होतं, 'यात जेवन ठेवू नये.'

दसऱ्याले सगळ्या मशीनीची पूजा. शिपाई सुखरामनं मले घासलं, रॉकेलच्या बोळ्यानं अक्षरंई पुसले.

"पुसले काहून?" मॅडम म्हनल्या.

"सनाच्या दिवशी बरं नाई दिसत, मॅडम. पूजा झाली का लिवून देतो."

कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मंग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. लिवनं राहून गेलं.

सुट्टीतच आंधळगावचा धनीराम नवा चौकीदार म्हनून आला. थंडीत डब्यातला भात गोटा होये. सांजच्याले तो माह्यात गरम करे. एक डाव त्याची बायको धुरपता आली.

"वास येते जी याले."

"कॉलेजचा वास हाये. कुंकू दिसत नाई का तुले? पूजेच्या मशीनीत का इख रायते?"

मले तोंड होतं, जीभ नोती. मी गरगरलो, जोरानं घंटी वाजवली. त्याले वाटलं, भात झाला.

होळीपर्यंत त्याचे डोळे पिवळे झाले. घरच्याइनं काविळीची माळ घातली; माळ लांबली का कावीळ उतरली, म्हनत. माळ लांबत गेली, मानूस सरला.

धुरपता डबा न्यायले आली. मॅडमनं विचारलं, "भात कायच्यात गरम करत होता?" तिनं माह्याकडं बोट केलं. मॅडम खालीच बसल्या.

त्याच दिवशी सुखरामनं रडत रडत लाल अक्षरं परत लिवले. मंग मले भंगारात देल्लं. आता गाडीवर पडलो आहो, न् एक बाई भाव करून राहिली, नातवाच्या दुधासाठी.

मित्रांनो, मशीनीची पूजा करा का नका करू, पन तिच्यावर लिवलेलं पुसू नका.

न् एक गोष्ट मी मनानं जोडली. सुखराम रडला, ते खरं. अक्षरं मात्र कोनीच लिवले नाई. माहं दार कोरंच हाये.